मोहोळचे रस्ते आणि संगणकावरचा नकाशा

सोलापूर-पुणे महामार्गावरील मोहोळ हे तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे कचेरीच्या कामासाठी, बाजारहाटासाठी आणि शिक्षणासाठी आसपासच्या खेड्यांतील माणसे तेथे नित्य येत असतात. उत्तरेस वैरागची, दक्षिणेस कुरुल-कामतीची आणि पश्चिमेस पंढरपूरची वाट तेथूनच फुटते. आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची त्यात भर पडते. अशा लहान शहरांत कोणता रस्ता रुंद करावा, रिक्षा थांबा कोठे असावा, हे बहुधा अंदाजाने ठरते, कारण दफ्तरात मोजणीचा कागदच नसतो.

तो कागद तयार करण्याचे साधन आज साध्या संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये आरंभिलेली क्यूजीआयएस ही प्रणाली आणि २००४ पासून स्वयंसेवकांच्या परिश्रमाने वाढत आलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा यांच्या साहाय्याने गावठाण, रस्ते, शाळा, बसथांबे यांचे निरनिराळे थर एकमेकांवर ठेवता येतात. शाळेभोवती पाचशे मीटरचे वर्तुळ काढून आतील सर्व घरे जवळची मानणे ही जुनी चूक; मधे महामार्ग आडवा असेल आणि ओलांडण्याची जागा दूर असेल, तर समोर दिसणाऱ्या शाळेसाठी मुलीला किती वळसा पडतो, हे ही प्रणाली रस्त्यारस्त्याने मोजून दाखवते. मात्र रेखाटन काटेकोर हवे: दोन रेषांची टोके पडद्यावर जुळलेली दिसली, तरी मधे तसूभर फट राहिली की संगणकाच्या लेखी तेथे रस्ता खुंटतो, आणि उड्डाणपूल व त्याखालचा रस्ता एकमेकांस मिळत नाहीत, हेही त्याला सांगावे लागते.

वाहनांची संख्या मात्र उपग्रहाच्या चित्रातून मिळत नाही. त्यासाठी चौकात उभे राहून, आठवडी बाजाराच्या दिवशी आणि एरवीही, उसाच्या हंगामात आणि आषाढीच्या सुमारास, पादचाऱ्यांसकट गणना करावी लागते. माझ्या मते सारे महत्त्व या कष्टाचे आहे.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यापूर्वी विद्यमान जमीनवापराचा नकाशा करावाच लागतो. मोहोळच्या नगरपरिषदेने त्याला या गणनेची जोड द्यावी, स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या कामी घ्यावे, आणि नागरिकांनीही हरकती-सूचनांच्या मुदतीत तो नकाशा मागून पाहावा.