सूर्यातल्या पिवळ्या रेघेचं कोडं

अफजलपूरच्या मुलांनो, तुमच्या नैर्ऋत्येला विजापूर आणि त्याच्याही पुढे जमखंडी. 18 ऑगस्ट 1868 रोजी तिथे दिवसाढवळ्या अंधारलं. खग्रास सूर्यग्रहण! पटवर्धनांच्या त्या संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण आणि प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारा वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. ढगांनी छळलं, तरी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये त्यांना तीन रेघा दिसल्याच: लाल, नारिंगी, निळी. ती नारिंगी-पिवळी रेघ सोडियमची असावी, असं त्यांना वाटलं.

वाटणारच! सोडियम असतं मिठात. गॅसच्या निळ्या ज्योतीवर आईने चिमूटभर मीठ भुरभुरलं, की ज्योत कशी पिवळीधमक होते! ही करामत सोडियमच्या एका इलेक्ट्रॉनची.

अणूतले इलेक्ट्रॉन गाणगापुरात प्रसादाला बसावं तसे पंगतीने बसतात. पहिल्या पंगतीत पाट दोनच, दुसरीत आठ. या पंगतींना पुस्तकात ‘कवच’ म्हणतात. सोडियमचे इलेक्ट्रॉन 11. दोन बसले, आठ बसले, उरला एक. म्हणून त्याचं इलेक्ट्रॉन संरूपण 2, 8, 1. हा शेवटचा भलता चुळबुळ्या! उष्णता मिळाली की उडी मारून वर जातो आणि खाली येताना पिवळा प्रकाश सोडतो. क्लोरीनचं संरूपण 2, 8, 7. त्याला हवा असतो एकच इलेक्ट्रॉन. सोडियम आपला देऊन टाकतं आणि मीठ तयार!

पण त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी सूर्यातली ती रेघ नीट मोजली. ती सोडियमच्या जागी नव्हतीच, जराशी बाजूला होती. मग हे नवंच मूलद्रव्य! ग्रीक सूर्यदेव हेलिओसवरून त्याचं नाव पडलं हेलियम.

पृथ्वीवर ते हाती लागायला मात्र 1895 साल उजाडलं. विल्यम रॅम्झी यांना ते युरेनियमच्या एका खनिजात कोंडलेलं सापडलं. इतका उशीर का? हेलियमचं संरूपण बघा: 2. बस्स! एकच पंगत, तीही भरलेली. कुणाला काही द्यायचं नाही, कुणाकडून घ्यायचं नाही. त्यामुळे मिठासारखी संयुगं ते बनवतच नाही. शिवाय त्याला ना रंग, ना वास. मग कळणार कसं?

आता तुमची पाळी. बेरिलियमचे इलेक्ट्रॉन चार, संरूपण 2, 2. त्याच्याही शेवटच्या पंगतीत हेलियमसारखे दोनच. तरी ते ऑक्सिजनशी लगेच गट्टी करतं. असं का? रिकामे पाट मोजा, उत्तर तिथेच आहे!