बटाटा, कोबी आणि एक रिकामी खुर्ची
आयर्लंडच्या कष्टकरी घरातील सणाची पंगत

आयर्लंड हे नाव आपल्या घरांना अगदीच अनोळखी नाही. आपल्या राज्यघटनेच्या चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या घटनेवरून आली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही या बाबतीत आयर्लंडचा उल्लेख केला होता. आपली मुले परीक्षेसाठी एवढे पाठ करतात. पण त्या देशातली माणसे सणाला काय शिजवतात, कुणाकुणाला घेऊन जेवायला बसतात, हे आपण कधी विचारीत नाही. देशाची ओळख त्याच्या कायद्यातून होते, तशी त्याच्या चुलीतूनही होते. म्हणून आज आयर्लंडच्या चुलीपाशी थोडे बसू या.

सण कोणता?

आयर्लंडचा सण म्हटले की १७ मार्चचा सेंट पॅट्रिक दिन, हिरवे कपडे आणि मिरवणुका आठवतात. पण आजीपासून तान्ह्या नातवापर्यंत सगळ्यांना एका पंगतीत बसवणारा त्यांचा घरगुती सण म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र. जग आज त्याला हॅलोविन म्हणते. त्याचे जुने आयरिश नाव 'साउन'. शेतीचे वर्ष संपले, पीक घरात आले, गुरे डोंगरावरून खाली आली, आता हिवाळा सुरू, असा तो दिवस. आजही आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याला हेच नाव आहे. ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार तिथे सरकारी सुट्टीचा असतो आणि त्या आठवड्यात शाळांनाही सुट्टी असते. त्यामुळे शहरात गेलेली लेकरे घरी येतात.

या सणाची एक गोष्ट विशेष आहे. पुढचा दिवस कॅथलिक लोकांचा सर्व संतांचा सण. त्याच्या आदल्या दिवशी मांस न खाण्याची रीत होती. म्हणून त्या रात्रीचे खास पदार्थ बटाटा, कोबी, सफरचंद, मनुके आणि ताक यांचेच झाले. श्रीमंताच्या घरी आणि मजुराच्या घरी त्या रात्री जवळपास एकच ताट असे.

बटाट्याची दुसरी बाजू

हे ताट समजून घ्यायचे तर बटाट्याची कथा ठाऊक हवी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य होते. जमीन जमीनदारांची, कसणारा मात्र मजूर. त्याच्या वाट्याला खोपटाभोवतीचा एक तुकडा येई. एवढ्याशा जमिनीत कुटुंब जगवील असे पीक एकच, बटाटा. कष्ट करणारा माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, सोबत ताक. लाखो गरिबांचे दुसरे अन्नच नव्हते.

१८४५ च्या सप्टेंबरात बटाट्यावर करपा आला. शेतात बहुतेक एकाच जातीचा बटाटा. रोग आला तो सगळ्यांवर आला. ऑक्टोबरात खणून काढलेले बटाटे डोळ्यांदेखत काळे पडून कुजले. पुढची सहा-सात वर्षे हीच गत. याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे बाहेर जात राहिली. भाडे थकले म्हणून माणसांना घरातून हाकलून खोपटी पाडली गेली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली आणि तितकीच देश सोडून गेली. १८४१ मध्ये बेटाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. आज पावणेदोनशे वर्षांनंतरही ती तितकी झालेली नाही.

ज्या बटाट्याने दगा दिला, त्याच बटाट्याला या लोकांनी सणाच्या ताटात मधोमध ठेवले. गरिबाचे अन्न म्हणून त्याची लाज धरली नाही. पाहुणा आला म्हणून ते लपवून उसने पक्वान्न मांडले नाही. या पंगतीपासून घेण्यासारखे काही असेल, तर पहिले हे.

आधी पाहुणे मोजा, मग पदार्थ

आपण बहुधा आधी पदार्थ ठरवतो. मग आजीला चावत नाही म्हणून तिला वेगळे काहीतरी करतो आणि ती एका कोपऱ्यात जेवते. आयरिश पंगतीची मांडणी उलटी आहे. सर्वांत दुबळ्या दाताचा पाहुणा कोण, इथून सुरुवात होते. मुख्य पदार्थच इतका मऊ की दात नसलेले आजोबा आणि दात यायचे असलेले बाळ दोघेही तोच खातात. मोठ्यांसाठी तव्यावरची कुरकुरीत चकती, मुलांसाठी गोड पाव, सर्वांसाठी शिजवलेले सफरचंद. वेगळे ताट कुणाचेच नाही.

खालील प्रमाण दहा माणसांच्या पंगतीचे आहे.

कोलकॅनन

साहित्य : बटाटे अडीच किलो, हिरवा कोबी पाऊण किलो, कांद्याची पात एक जुडी, दूध दीड पेला, लोणी किंवा बटर २०० ग्रॅम, मीठ, मिरपूड.

कृती : बटाटे सालीसकट उकडा आणि गरम असतानाच सोलून कुस्करा. गार बटाटा चिकट होतो. कोबी बारीक चिरून मिठाच्या पाण्यात पाच-सहा मिनिटे शिजवा आणि पाणी पूर्ण निथळू द्या. पात चिरून दुधात पाच मिनिटे उकळा. हे गरम दूध बटाट्यात घालून घोटा, कोबी मिसळा, मीठ-मिरपूड घाला. प्रत्येकाच्या ताटात ढीग करून मधे खळगा पाडायचा आणि त्यात लोणी सोडायचे. कडेचा घास घेऊन वितळलेल्या लोण्यात बुडवून खायचा. बाळाच्या वाट्याचे मीठ-मिरपूड घालण्याआधीच काढून ठेवा.

बॉक्स्टी

ही आयर्लंडच्या वायव्येकडील भागाची, लिट्रिम, स्लायगो, मेयो या परगण्यांची खासियत. आपल्या थालीपिठाची लांबची बहीण म्हणा.

साहित्य : कच्चे बटाटे अर्धा किलो, उकडून कुस्करलेले बटाटे अर्धा किलो, मैदा पाव किलो, खाण्याचा सोडा एक लहान चमचा, मीठ, लागेल तसे ताक.

कृती : कच्चे बटाटे किसून फडक्यात घट्ट पिळून घ्या. त्यात कुस्करलेला बटाटा, मैदा, सोडा, मीठ मिसळा. ताक थोडे थोडे घालून पळीने पडेल इतपत घट्ट पीठ करा. तव्यावर थोड्या तेलात छोट्या चकत्या घालून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. आच मोठी ठेवली तर आतला कच्चा बटाटा कच्चाच राहतो.

ब्रॅक

हा मनुक्यांचा गोड पाव. आयरिश नावाचा अर्थच ठिपकेदार पाव असा आहे.

साहित्य : मनुके व काळ्या मनुका मिळून ३७५ ग्रॅम, कोरा कडक चहा ३०० मिलिलिटर, साखर २०० ग्रॅम, अंडे एक, मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन लहान चमचे, दालचिनी-जायफळाची पूड एक चमचा.

कृती : आदल्या रात्री मनुके साखरेसह गार चहात भिजत घाला. दुसऱ्या दिवशी फेटलेले अंडे, मैदा, बेकिंग पावडर आणि पूड मिसळून तूप लावलेल्या भांड्यात ओता. ओव्हनमध्ये १७० अंशांवर सव्वा तास. ओव्हन नसेल तर बिघडत नाही. जुन्या आयरिश खोपटात तरी कुठे होता? बिडाच्या झाकणाच्या भांड्यात पीठ ठेवून वर-खाली निखारे घालीत. आपण जाड पातेल्यात वाळू तापवून, त्यात भांडे ठेवून, झाकण घालून मंद आचेवर तासभर ठेवावे. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले. हा पाव एक दिवस मुरला की अधिक चांगला लागतो. कापलेल्या फोडींना लोणी लावून चहाबरोबर देतात.

पेयाबद्दल एक शब्द. दारूशिवाय आयरिश सण नसतो, असा बोलबाला आहे. पण त्याच देशातल्या कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ मध्ये दारूबंदीची चळवळ सुरू केली आणि थोड्याच वर्षांत लाखो लोकांनी दारू सोडल्याची शपथ घेतली. मुलेबाळे असलेल्या पंगतीत चहा आणि ताक यांनीच शोभा येते.

दिवसाचा आराखडा

आयर्लंडमध्ये ऑक्टोबरअखेर संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून जेवण लवकर असते. लहान मुले पेंगण्याआधी जेवतात, हाही त्यातला फायदा.

दोन दिवस आधी रात्री मनुके भिजत घालावेत आणि आदल्या दिवशी पाव भाजावा. सणाच्या दिवशी दुपारी सगळे बटाटे एकदमच उकडावेत. दोन्ही पदार्थांना तेच लागतात. चार वाजता सफरचंदाच्या फोडी थोडी साखर-पाणी घालून मऊ शिजवून ठेवाव्यात. पाच वाजता खेळ, साडेसहाला जेवण. बॉक्स्टी मात्र तव्यावरून थेट ताटात.

खेळ

कोलकॅनन आणि ब्रॅकमध्ये वस्तू लपवण्याची जुनी रीत आहे. अंगठी मिळाली तर लग्न, नाणे मिळाले तर पैसा, चिंधी मिळाली तर गरिबी, असे भविष्य सांगत. आज ती गंमत म्हणून घ्यावी. कुणाचे नशीब चिंधीत नसते. ज्या देशाने गरिबी भोगली, तिथे तरी ती चिंधीमुळे आली नव्हती. ती जमिनीच्या मालकीतून आली होती. तेव्हा चिंधी वगळा आणि नाणी ठेवा. नाणे उकळून, कागदात गुंडाळून लपवतात. घरात लहान मूल असेल तर अन्नात काहीच लपवू नका, पुडी ताटाखाली ठेवा.

दुसरा खेळ सफरचंदाचा. दोऱ्याने सफरचंद टांगायचे आणि हात पाठीमागे बांधून दातांनी चावा घ्यायचा. आजोबा दोरा धरतात, नातवंडे उड्या मारतात. तिसरा खाऊ आपल्या ओळखीचा, टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा. आयरिश घरांत या रात्री त्या वाडग्यात भरून ठेवलेल्या असतात. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात.

भोपळ्याचा दिवा अमेरिकेतला. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून दिवा करीत. देशोधडीला लागलेले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा मिळाला आणि तो कोरायलाही सोपा गेला.

राबते कोण?

पंगत सर्व वयांची म्हणायची आणि घरची बाई मात्र शेवटी उरलेसुरले खाणार, असे असेल तर ती पंगत अपुरीच. हा प्रश्न आयरिश बायकांपुढेही होता. कॉर्क आणि केरी भागात ६ जानेवारीला 'बायकांचा नाताळ' पाळतात. त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचे आणि बायकांनी मैत्रिणींकडे जाऊन चहा-केक खायचा. पण वर्षातून एकच दिवस का? वरच्या आराखड्यात बटाटे सोलणे मुलांना जमते, घोटायला ताकद लागते ते दादांनी करावे, तव्यापाशी घरधन्याने उभे राहावे. म्हणजे आई पंगतीत पहिल्या घासाला असेल.

रिकामी खुर्ची

आयर्लंडच्या काही भागांत या दिवसांत चुलीजवळ एक खुर्ची रिकामी ठेवीत आणि जवळ पाणी किंवा घासभर अन्न ठेवीत. गेलेल्या माणसांची ती आठवण. ज्या घरातून कुणी उपासमारीत गेले, कुणी जहाजाने गेले आणि परत आले नाही, तिथे त्या खुर्चीचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

जेवण झाले की मुलांना एक खरी गोष्ट सांगावी. १८४७ साली आयर्लंडच्या दुष्काळाची बातमी अमेरिकेतील चोक्टॉ या आदिवासी जमातीपर्यंत पोहोचली. सोळा वर्षांपूर्वीच त्यांना स्वतःच्या भूमीवरून हुसकायला सुरुवात झाली होती; त्या वाटेवर त्यांची हजारो माणसे मेली होती. त्यांच्याजवळ देण्यासारखे फार नव्हते. तरीही कधी न पाहिलेल्या माणसांसाठी त्यांनी १७० डॉलर गोळा करून पाठवले. आयर्लंड ते विसरले नाही. कॉर्क परगण्यातील मिडल्टन गावात २०१७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ पोलादी पिसांचे शिल्प उभे राहिले. नऊ पिसे गोलाकार उभी आहेत आणि मधे जणू रिकामा वाडगा दिसतो. २०२० च्या कोरोना साथीत नवाहो आणि होपी या आदिवासी जमातींसाठी निधी उभारला जात होता, तेव्हा हजारो आयरिश लोकांनी पैसे पाठवले आणि सोबत लिहिले की हे जुने ऋण आहे.

उपाशी माणसाला उपाशी माणूस ओळखतो. कोबी-बटाट्याचे साधे जेवण समोर असताना ही गोष्ट सांगितली, तर मुलांना ती पुस्तकापेक्षा चांगली कळेल. आणि पुढच्या वेळी घरात पंगत असेल, तेव्हा पहिले ताट वाढण्याआधी तीच विचारतील, 'आई, कुणी राहिले तर नाही ना?'