सरासरी उंचीची पारख

आपल्या जिल्ह्यांतील पाथर्डी तालुक्यांत प्रौढ पुरुषांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटर आहे, असें कोणीं ठासून सांगितलें, तर तें मानावें कीं न मानावें? सर्वांना मोजणें अशक्य. म्हणून शितावरून भाताची परीक्षा करावी लागते. परंतु शीत कसें उचलावें, हाच खरा प्रश्न. नगरच्या लष्करी छावणींतील जवान मोजून चालणार नाहीं. ते उंची पाहूनच भरती झालेले असतात. तालुक्याच्या मतदारयादींतून चिठ्ठ्या टाकून माणसें निवडावीं.

समजा, अशा ३६ जणांची सरासरी १६२.५ भरली. माणसामाणसांतील उंचीचें प्रमाण-विचलन ६ सेंटिमीटर धरूं. त्यास ३६ च्या वर्गमूळानें, म्हणजे ६ नें, भागलें कीं १ सेंटिमीटर येतो. केवळ योगायोगानें सरासरी किती हेलकावते, याचें हें माप. मूळ विधान खरें असेल, तर या मापाच्या दुपटीहून मोठा फरक शंभरांत सुमारें पांच वेळांच पडावा. येथें तो अडीचपट आहे. तेव्हां विधान संशयास्पद ठरतें. सरासरी १६४ भरली असती, तर विधान खोटें म्हणतां आलें नसतें; तथापि तेवढ्यानें तें सिद्धहि झालें नसतें.

इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रांतील शरीरमापनांवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९५१ सालीं प्रसिद्ध केला, तो अशा मोजमापांचाच.

उंची जशी आईबापांवर, तशी बालपणींच्या अन्नावरहि अवलंबून असते. सरासरी खरोखरच कमी निघाली, तर दुष्काळी वर्षांत मुलांच्या ताटांत काय पडलें, हें विचारावें लागेल. म्हणून मोजणी चोख हवी.