कार्बन प्रतीचे मोल

जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना एक छोटे पत्र लिहिले. दोघांची भेट नव्हती. परंतु त्यांचे लेखन बाबासाहेबांनी वाचले होते. अमेरिकेतील निग्रो व भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीत फार साम्य आहे, असे कळवून त्यांनी निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागविल्या. अस्पृश्यही तसा अर्ज करण्याच्या विचारात होते. ३१ जुलैला डु बॉइस यांनी उत्तर दिले आणि निवेदन सोबत जोडले.

ही दोन्ही पत्रे आज एकाच ठिकाणी वाचावयास मिळतात, याचे कारण साधे आहे. डु बॉइस आलेले पत्र ठेवीत, तसेच धाडलेल्या पत्राची कार्बन प्रतही ठेवीत. एरवी पत्रव्यवहार दोन घरांत विभागला जातो. एक घर मोडले की अर्धे संभाषण गेले. त्यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने १९७३ साली घेतली. त्यांत एकट्या पत्रव्यवहाराचे कागद लाखावर आहेत. प्रती मागविणारे पत्र म्हणजे तसे रोजचेच टपाल. 'महत्त्वाचे तेवढेच ठेवू' असे कोणी म्हटले असते तर ते केव्हाच रद्दीत गेले असते. म्हणूनच अभिलेखागारात मूळ मालकाने लावलेला क्रम शक्यतो मोडीत नाहीत. शेजारच्या कागदामुळे कागदाचा अर्थ लागतो.

छायाचित्रांची गोष्ट वेगळी. याच डु बॉइस यांनी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात जॉर्जियातील कृष्णवर्णीयांची ३६३ छायाचित्रे अल्बमांत लावून मांडली. नीटनेटक्या पोशाखातली माणसे, त्यांची घरे, दुकाने. गोऱ्यांनी रंगविलेल्या विकृत चित्राला ते उत्तर होते. हे अल्बम वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, पण त्यांतील बहुतेकांची नावे लिहिलेलीच नाहीत. इतक्या दक्ष माणसाकडूनही हे राहून गेले, याचे मला वाईट वाटते. ताठ मानेने बसलेली ती बाई कोण, हे आता कोणाला विचारणार?

आमच्याही घरी असा एक फोटो आहे. आजोबा, सोबत वस्तीतली पाच माणसे, मध्ये बाबासाहेबांची तसबीर. मागची बाजू कोरी. लिहिणार कोण? माझ्याआधी घरात कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते.

वर्गात मी मुलांना घरचे कागद आणायला सांगतो. चिकटपट्टीने जोडलेली कार्डे येतात. त्या डिंकाने कागद पिवळा पडून कुजतो. चिकटपट्टी लावू नये. फोटोमागे बॉलपेनने लिहू नये, त्याचा वळ पुढे उमटतो. मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल लिहावे. पाकीटही टाकू नये, त्यावर टपालाचा शिक्का असतो.

गेल्या १४ एप्रिलला गावी गेलो तेव्हा आईजवळ बसून आजोबांखेरीज तिघांची नावे लिहिली. उरलेल्या दोघांसाठी वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मामांकडे जायचे आहे. त्यांना आता फारसे दिसत नाही.