हा सामना धरायचा की नाही?

८ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्यात, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात भारतानं व्हिएतनामला ३-१ असं हरवलं. तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. पाचच दिवसांनी त्याच मैदानावर येमेननं भारताला ६-३ अशी धूळ चारली. दोन्ही सामने मैत्रीपूर्ण. करंडक नाही, बाद होण्याची भीती नाही. जानेवारी २०११ मध्ये दोहाला आशियाई चषक होता, भारत १९८४ नंतर प्रथमच त्यात उतरणार होता, आणि प्रशिक्षक बॉब हाउटन संघ घासूनपुसून तयार करत होते. तरीही छेत्रीच्या देशासाठीच्या नव्वदहून अधिक गोलांमध्ये बालेवाडीचे ते तीन गोल मानानं मोजले जातात.

आता दुसरा सामना घ्या. १० जानेवारी २०१२, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, बायचुंग भुतियाचा निरोपाचा सामना. समोर बायर्न म्युनिक. थॉमस म्युलर, मारिओ गोमेझ, बास्टियन श्वाइनस्टायगर अशी मंडळी खरोखर दिल्लीच्या गवतावर धावली, भारत ०-४ असा हरला. भारताची जर्सी, पूर्ण नव्वद मिनिटं, पंचांची शिट्टी, सगळं होतं. पण भुतियाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या आकड्यात हा सामना नाही. गल्लीतल्या पोरांच्या भाषेत सांगायचं तर तो धरायचा नाही!

धरायचा की नाही हे ठरवणारा फिफाचा मूळ नियम एका वाक्यात मावतो. दोन्ही देशांच्या संघटनांनी आपापला मुख्य संघ उतरवला, तर तो ‘अ’ दर्जाचा आंतरराष्ट्रीय सामना. या छोट्या वाक्यानं केवढे सामने बाहेर पडतात! क्लबविरुद्धचे पडतात, २३ वर्षांखालील संघांचे पडतात, आणि एका बाजूनं दुय्यम संघ पाठवला तर तोही पडतो. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये भारतानं कॅमेरूनला पेनल्टींवर हरवून नेहरू चषक सलग तिसऱ्यांदा जिंकला. चषक खरा, आनंद खरा. पण कॅमेरूननं आपला मुख्य संघ पाठवलाच नव्हता, त्यामुळे या व्याख्येत ती अंतिम लढत बसत नाही.

बदली खेळाडूंचीही एक अट आहे, आणि तिच्यामागची गोष्ट मला फार आवडते. १२ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनमध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मैत्रीपूर्ण सामना होता. मध्यंतरात इंग्लंडचे प्रशिक्षक एरिक्सन यांनी अकराच्या अकरा खेळाडू बदलले. उत्तरार्धात संपूर्ण नवा संघ मैदानात, त्यात सतरा वर्षांचा वेन रूनी, पहिल्यांदाच देशासाठी खेळणारा. इंग्लंड १-३ असं हरलं. देशाचा संघ म्हणजे नेमका कोणता, पहिल्या पंचेचाळीस मिनिटांचा की दुसऱ्या, हा प्रश्न मग टाळता येईना. पुढच्याच वर्षी मैत्रीपूर्ण सामन्यांत बदलींवर सहाची मर्यादा आली. अनधिकृत सामन्यात मात्र दोन्ही संघांनी आपसात ठरवून पंचांना आधी कळवलं, की हवे तेवढे बदलता येतात. म्हणून तर प्रशिक्षकांना असे सामने हवे असतात. नवा बचावपटू चाचपून बघावा, फसला तर काढून घ्यावा, निकालाचा हिशोब कोणी मागत नाही.

अधिकृत सामन्यात हिशोब कसा चालतो, ते जवळून बघण्यासारखं आहे. २०१८ पासून फिफाच्या क्रमवारीत सामन्याआधीच दोन्ही संघांच्या गुणांवरून ‘अपेक्षित निकाल’ काढला जातो. समजा आपले ११०० गुण आहेत आणि प्रतिस्पर्ध्याचे १३००. दोनशेचा हा फरक सहाशेनं भागून सूत्रात घातला की आपली अपेक्षा निघते सुमारे ०.३२. जिंकलो तर एकातून ती वजा करायची, उरतं ०.६८. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांतल्या मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन १०, म्हणजे जवळपास ६.८ गुणांची कमाई. हरलो तर ३.२ जातात. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हेच वजन २५ होतं. आणि अनधिकृत सामन्यात? तिथे भल्याभल्यांना लोळवलं तरी गुण एक दशांशानंही हलत नाहीत.

पण मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट १९५५ ची आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघ भारतात आला आणि मुंबईत कूपरेजवर भारताशी खेळला. भारत ०-३ असा हरला. नेहरूंचा मॉस्को दौरा त्याच वर्षी जूनमध्ये, ख्रुश्चेव्ह-बुल्गानिन यांची भारतभेट नोव्हेंबरात. म्हणजे राज्यकर्त्यांच्या आधी फुटबॉलपटू येऊन गेले होते. सप्टेंबरमध्ये भारतीय संघ मॉस्कोत खेळला आणि १-११ असा हरला.

आता दोन्ही देशांच्या याद्या शेजारी ठेवा. सोव्हिएत यादीत १९५५ चा पहिला अधिकृत सामना सापडतो जूनमधला, स्वीडनविरुद्धचा. कूपरेजचा सामना त्यात नाहीच! मॉस्कोचा ११-१ मात्र आहे, आणि तो सोव्हिएत संघाच्या सर्वांत मोठ्या विजयांपैकी एक, तसाच भारताचा सर्वांत मोठा पराभव म्हणून कायमचा नोंदला गेला. तेच दोन देश, तेच वर्ष. एक पराभव दगडावर कोरल्यासारखा राहिला आणि दुसरा एका बाजूच्या यादीतून गायब. उलट आपल्याकडे ३ सप्टेंबर २०१६ रोजी अंधेरीत भारतानं पोर्तो रिकोला ४-१ असं हरवलं, तेव्हा बातम्यांत आवर्जून छापलं गेलं की मुंबईत ६१ वर्षांनी आंतरराष्ट्रीय सामना होतोय. २०१६ मधून ६१ वजा करा, थेट १९५५ चं कूपरेज! मुंबईनं जो सामना धरला, तो मॉस्कोनं धरलाच नाही.

आणि त्या काळातला भारतीय संघ काही लेचापेचा नव्हता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मूळ गोव्याच्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, भारत चौथा आला. सुवर्णपदक नेलं त्याच सोव्हिएत संघानं. ज्या संघाशी कूपरेजवर फक्त तीन गोलांनी हरलो, तो दीड-दोन वर्षांत ऑलिंपिक विजेता झाला होता. फक्त अधिकृत आकडे वाचणाऱ्याला हा धागा दिसतच नाही. म्हणून जुन्या वर्तमानपत्रांतून असे सामने खणून काढणाऱ्या हौशी आकडेकारांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आतापर्यंत जे सामने धरले गेले नाहीत, ते आधीपासूनच अनधिकृत होते. पण अगदी अधिकृत सामनाही नंतर पुसला जाऊ शकतो, आणि ते घडलं आपल्याच महाराष्ट्रात. २०२२ चा महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथे झाला. २० जानेवारीला नवी मुंबईत भारत-इराण सामना ०-० असा सुटला. भारतानं एकामागून एक संधी निर्माण केल्या, इराणची गोलरक्षक झोहरे कुदाई हिनं त्या परतवल्या. इराणचा या स्पर्धेतला हा पहिलावहिला सामना, आणि पहिलाच गुण. तीन दिवसांनी भारतीय संघात करोना इतका पसरला की चिनी तैपेईविरुद्ध किमान तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. नियमाप्रमाणे भारतानं माघार घेतली असं धरलं गेलं आणि त्याचे सगळे सामने रद्दबातल ठरले, झालेला सामनासुद्धा.

आपल्या मुलींचं दुःख तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं. इराणचं मात्र फारसं कोणी बोललं नाही. त्या मुली पुढे चीनकडून ०-७ आणि चिनी तैपेईकडून ०-५ अशा हरल्या. स्पर्धेच्या अंतिम तक्त्यात इराणच्या नावापुढे दोन सामने, दोन पराभव आणि शून्य गुण आहेत. भारताविरुद्ध नव्वद मिनिटं झुंजून मिळवलेला त्यांचा एकमेव गुण त्या तक्त्यात नाही.