ऑर्डर फुटू न देता सॉर्ट करा, फक्त एका ओळीत!



मागच्या दिवाळीत, रात्री साडेअकराला फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंचा फोन. "सर, सगळे पत्ते मिसळले!" व्हॉट्सॲपवर आलेल्या ८० ऑर्डरी त्यांनी एका फाइलमध्ये चिकटवल्या होत्या. प्रत्येक ऑर्डर चार-पाच ओळींची: पिनकोड, नाव, पत्ता, माल. दोन ऑर्डरींमध्ये एक रिकामी ओळ. कुरिअरसाठी पिनप्रमाणे लावायला भाच्याने सॉर्ट कमांड चालवली. झालं! सगळे पिन वर, सगळ्या चकल्या एकत्र, नावं भलतीकडेच. नशीब, मूळ फाइल शाबूत होती.

सॉर्टची चूक नाही हो. त्याला ओळ कळते, ऑर्डर कळत नाही.

मग आधी ऑर्डरचीच एक ओळ करायची. त्यासाठी ऑक ही कमांड. १९७७ साली बेल लॅब्समध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी ती बनवली. नाव त्यांच्याच आडनावांच्या आद्याक्षरांवरून. तिच्यात आरएस, म्हणजे रेकॉर्ड सेपरेटर, रिकामा ठेवला की रिकाम्या ओळीपर्यंतचा मजकूर ती एकच नग धरते. त्या नगात जिथे ओळ तुटते तिथे जीसबने टिल्डा घालायचा (पत्त्यात हे चिन्ह सहसा नसतं), आणि शेवटी एक जास्तीचा टिल्डा. हे सॉर्टला द्यायचं. मग टीआर कमांडने प्रत्येक टिल्ड्याची पुन्हा नवी ओळ. जास्तीच्या टिल्ड्यामुळे मधली रिकामी ओळही परत येते. तिन्ही कमांड पाइपने जोडल्या की काम एका ओळीत! मॅक आणि लिनक्सवर त्या आधीच असतात, विंडोजवर डब्ल्यूएसएल घ्या.

पिन पहिल्याच ओळीवर हवा, कारण सॉर्ट सुरुवातीपासून बघतो. आणि आकडे एकाच लिपीत. काही मराठीत, काही इंग्रजीत असले तर पुण्याचे दोन ढीग होतील.

आता गंमत. सॉर्टनंतर डब्ल्यूसीने ओळी मोजल्या, तर ८० ऐवजी १! फाइल विंडोजच्या नोटपॅडमधली. रिकाम्या वाटणाऱ्या प्रत्येक ओळीत न दिसणारं कॅरेज रिटर्न होतं. टीआरनेच ते आधी काढलं. मग आल्या ७९. एका रिकाम्या ओळीत स्पेस पडली होती, म्हणून सांगलीची ऑर्डर साताऱ्याच्या ऑर्डरीला चिकटलेली. ती स्पेस खोडली. तिसऱ्यांदा बरोब्बर ८०.

सकाळी कुरिअरवाला आला तेव्हा ४११ चे डबे एका पोत्यात, ४१६ चे दुसऱ्या पोत्यात बांधून तयार होते.