लॅपटॉप संगणक गोठणे

चालू असलेला लॅपटॉप संगणक पूर्वसूचना न देता कळफलक, माऊस इ. आदान साधनांना प्रतिसाद देणे थांबवतो, पडद्यावरील चित्र जसेच्या तसे राहते आणि विद्युत् कळ दाबून तो बंद करण्यावाचून बहुधा गत्यंतर उरत नाही. या अवस्थेला संगणक गोठणे असे म्हणतात. बोलण्यात यालाच संगणक ‘हँग’ झाला असे म्हटले जाते. ताप हे जसे अनेक रोगांचे लक्षण आहे, तसेच गोठणे हे अनेक भिन्न दोषांचे समान लक्षण होय. दोष ठराविक कृतीनंतर हटकून उद्भवत असेल, तर त्याचे मूळ शोधणे सोपे असते. तो अनियमितपणे, कधी तासाभरात दोनदा तर कधी आठवडाभर मुळीच नाही, अशा रीतीने उद्‌भवू लागला म्हणजे निदान कठीण होते. अशा वेळी जतन न केलेले काम तर जातेच. शिवाय चकती नादुरुस्त होत असल्याचे ते पहिले चिन्ह असेल आणि वापरणारा परिचालन प्रणाली पुनःपुन्हा नव्याने बसवण्यात वेळ दवडत असेल, तर वर्षानुवर्षांची कागदपत्रे व छायाचित्रे कायमची नष्ट होण्याचा संभव असतो. म्हणून शोधास प्रारंभ करण्यापूर्वी सर्व महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळ्या चकतीवर काढून ठेवणे, ही पहिली पायरी समजली जाते. हिचे महत्त्व पुढील सर्व उपायांहून अधिक आहे.

एखादी आज्ञावली कायमची अडकली आहे की केवळ संथपणे काम करीत आहे, हे कोणत्याही आज्ञावलीबाबत अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये केलेल्या विवेचनावरून निष्पन्न होते. त्यामुळे परिचालन प्रणालीला कालमर्यादेवर विसंबावे लागते. उदा., विंडोज प्रणालीत एखाद्या आज्ञावलीने ५ सेकंद संदेश स्वीकारले नाहीत, तर ती ‘प्रतिसाद देत नाही’ असे मानले जाते. विंडोज ३·१ (१९९२) या आवृत्तीत प्रत्येक आज्ञावलीने प्रक्रियकाचा ताबा स्वेच्छेने सोडावा अशी योजना होती आणि एकच अडेल आज्ञावली सर्व यंत्र अडवून धरू शके. नंतरच्या प्रणालींत हा ताबा सक्तीने काढून घेतला जातो. त्यामुळे आज संपूर्ण लॅपटॉप गोठला, तर संशय सामान्य आज्ञावलीवर न जाता प्रणालीचा गाभा, उपकरणांच्या चालक आज्ञावली किंवा प्रत्यक्ष यंत्रसामग्री यांवर जावयास हवा. दोन प्रक्रिया एकमेकींच्या ताब्यातील साधनाची वाट पाहत कायमच्या थांबणे, हा गाभ्यातील व चालक आज्ञावलींतील एक प्रकार आहे. ई. जी. कॉफमन, एम्. जे. एल्फिक व ए. शोशानी यांनी १९७१ मध्ये अशा कोंडीस आवश्यक असणाऱ्या चार अटी मांडल्या.

गोठणे आणि मंदावणे यांत फरक करणे जरूर आहे. स्मृती अपुरी पडली म्हणजे प्रणाली स्मृतीतील पृष्ठे चकतीवर नेण्या-आणण्यातच गुंतून पडते. या स्थितीचे विश्लेषण पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केले. अशा वेळी यंत्र मृतवत् भासते, पण चकतीचा दिवा अखंड तेवत असतो आणि काही मिनिटे थांबल्यास ते पूर्ववत् होते. घाईने विद्युत् कळ दाबणाऱ्यांपैकी अनेकांचा संगणक मुळात गोठलेला नसतो.

लक्षणांचे वाचन : यंत्र बंद करण्यापूर्वीचे एक-दोन मिनिटांचे निरीक्षण नंतरच्या कित्येक तासांच्या तपासणीपेक्षा अधिक माहिती देते. ‘कॅप्स लॉक’ कळ दाबल्यावर तिचा दिवा पेटतो-विझतो की नाही ते पाहावे. हा दिवा सामान्यतः परिचालन प्रणाली लावते. त्यामुळे तो बदलत असेल, तर गाभा जिवंत असून बिघाड चित्रदर्शक भागात किंवा वरच्या थरातील आज्ञावलीत असावा. त्याच जाळ्यावरील दुसऱ्या संगणकाने पाठवलेल्या ‘पिंग’ संदेशास उत्तर येत असेल, तर निष्कर्ष तोच. ध्वनी चालू असताना यंत्र गोठले व एकच तुकडा भुणभुणल्यासारखा पुनःपुन्हा ऐकू येऊ लागला, तर ध्वनिमंडल स्मृतीतील लहानसा साठा स्वतंत्रपणे वाचत असून त्यात नवी भर घालणारा प्रक्रियक थांबलेला आहे असे समजावे. माऊसचा दर्शक हलतो, पण काहीही उघडत नाही आणि अर्ध्या मिनिटाने सर्व सुरळीत होते, अशा वेळी प्रथम चकतीकडे वळावे.

पुन्हा चालू केल्यावर प्रणालीची नोंदवही तपासतात. विंडोजमध्ये बहुतेकांचे लक्ष ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीकडे जाते व त्यावरून वीजपुरवठ्याचा भाग बदलला जातो. ही नोंद यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले एवढेच सांगते. वापरणाऱ्याने स्वतः कळ दाबून ते बंद केले असले तरीही ती उमटते. तिच्या आधीच्या काही मिनिटांतील नोंदी अधिक बोलक्या असतात. उदा., १२९ क्रमांकाची नोंद चकतीने वेळेत उत्तर न दिल्यामुळे तिचा जोड पुनःस्थापित करावा लागल्याचे दर्शवते. संपूर्ण गोठण्याच्या वेळी मात्र नोंद लिहिण्याइतकीही क्षमता यंत्रात उरलेली नसते. म्हणून नोंदवहीतील शांतता हाही यंत्रसामग्रीच्या बाजूचा एक पुरावा ठरतो.

चकती : फिरत्या चुंबकीय चकतीवरील एखादा खंड वाचता आला नाही, तर चकती तो पुनःपुन्हा वाचून पाहते. लिनक्स प्रणालीत एका आज्ञेसाठी सामान्यतः ३० सेकंद थांबतात, त्यानंतर पुन्हा प्रयत्न होतात. चकतीच्या स्वनिरीक्षण नोंदींत बदललेल्या व प्रलंबित खंडांची संख्या वाढत असल्यास चकती बदलणे हाच उपाय होय. अर्धसंवाहक चकतीत फिरते भाग नसले, तरी तिच्यात स्वतःचा प्रक्रियक व आज्ञावली असते आणि दोष तीतही राहू शकतो. क्रूशियल कंपनीची ‘एम्४’ चकती हे याचे बोधप्रद उदाहरण आहे. वापराचे एकूण ५,१८४ तास (२१६ दिवस) भरल्यावर स्वनिरीक्षण गणकातील चुकीमुळे ही चकती उत्तर देणे थांबवी. विद्युत् पुरवठा तोडून जोडल्यावर ती पुन्हा चाले, पण पुढे दर तासाने तोच प्रकार घडे. कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये सुधारित आज्ञावली देऊन हा दोष दूर केला. वापरणाऱ्यास अगदी अनियमित वाटणाऱ्या या घटनेमागे घड्याळासारखी नियमितता होती. तिची वेळ लिहून ठेवणाऱ्यासच ती दिसणे शक्य होते. विंडोज ९५ व ९८ यांतील एक गणक मिलिसेकंद मोजताना २³² ही मर्यादा ओलांडी आणि सु. ४९·७ दिवस सलग चाललेला संगणक थांबे. त्या प्रणाली इतके दिवस सलग चालणेच दुर्मिळ असल्याने हा दोष १९९९ पर्यंत फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही, यात नवल नाही.

स्मृती : आठ गिगाबाइट स्मृतीत सु. ६,८७० कोटी द्विमान अंक साठवलेले असतात व त्यांतील एकाच्या बदलानेही गाभा भलत्या पत्त्यावर जाऊ शकतो. बहुतेक लॅपटॉपांत त्रुटिदुरुस्तीची सोय असलेली स्मृती वापरीत नाहीत. परिचालन प्रणाली सुरू होण्यापूर्वी चालणाऱ्या ‘मेमटेस्ट८६’ (१९९४) यासारख्या आज्ञावलीने रात्रभर तपासणी करतात. एकही त्रुटी आढळली, तर स्मृती सदोष मानतात; मात्र एका फेरीत त्रुटी न आढळणे हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. जेथे स्मृतिपट्ट्या काढता येतात तेथे एकेक पट्टी ठेवून पाहावे. अलीकडील अनेक पातळ लॅपटॉपांत स्मृती मुख्य फलकावरच डाखलेली असल्याने ही सोय राहिलेली नाही.

उष्णता : गोठण्याचे खापर नेहमी उष्णतेवर फोडले जाते, ते पूर्णतः योग्य नाही. आधुनिक प्रक्रियक साधारणपणे १००° से. च्या आसपास पोहोचताच आपली गती कमी करतो आणि त्याहून अधिक तापल्यास यंत्र सरळ बंद पडते. म्हणजे उष्णतेची प्रमुख लक्षणे मंदावणे व बंद पडणे ही होत. गोठणे घडलेच, तर तापलेला भाग बहुधा प्रक्रियकाखेरीज दुसरा, म्हणजे चित्रमंडल, चकती किंवा विद्युत् दाब नियंत्रक असतो. एन्‌व्हिडिया कंपनीने २००८ मध्ये लॅपटॉपांतील काही चित्रमंडलांच्या सदोष जोडणीसाठी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. त्यांत वारंवार तापण्या-निवण्यामुळे डाखाचे सूक्ष्म सांधे तडकत असत. अनेक उत्पादक सभोवतालच्या हवेच्या तापमानाची मर्यादा ३५° से. सांगतात. नागपूर-चंद्रपूर भागात मे महिन्यात पारा ४५° से. च्या वर जातो, हे लक्षात घेता पंख्यातील धूळ काढणे व वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे तेथे उन्हाळ्यापूर्वीच करणे इष्ट ठरते. गादीवर ठेवून वापरल्यास तळाची हवेची छिद्रे बुजतात.

विद्युत् बचत : लॅपटॉपात विशेषत्वाने आढळणारा आणि सर्वाधिक चकवणारा दोष हा होय. काम नसताना प्रक्रियक आपले भाग टप्प्याटप्प्याने बंद करून अधिकाधिक खोल निद्रावस्थांत जातो व कामाचा संकेत मिळताच जागा होतो. एका सेकंदात हे अनेक वेळा घडते. यांपैकी एका जागृतीत चूक झाली, तर संगणक गोठतो आणि तोही भरपूर काम चालू असताना न गोठता निवांत असताना. जड भाराच्या कसोटीत यंत्र तासन्‌तास टिकते व मजकूर वाचत बसलेल्याच्या हातात ते थांबते, असे उफराटे लक्षण दिसले की विद्युत् बचतीचा संशय घ्यावा. इंटेल कंपनीच्या २०१३ मधील ‘बे ट्रेल’ कुळातील प्रक्रियक स्वस्त लॅपटॉपांत पुष्कळ वापरले गेले. लिनक्स प्रणालीवर ते अवचित गोठत असल्याच्या असंख्य तक्रारी आल्या व २०१५ मध्ये लिनक्सच्या दोषसूचीत झालेली याविषयीची नोंद पुढे कित्येक वर्षे चर्चेत राहिली. प्रक्रियकाला पहिल्या निद्रावस्थेच्या पलीकडे जाऊ न देण्याची सूचना प्रारंभी दिल्यास गोठणे थांबे. मात्र विद्युत् घटमाला लवकर उतरे. ए. एम्. डी. कंपनीच्या काही संगणकांत चित्र व ध्वनी क्षणभर अडखळण्याचे कारण निराळे निघाले. सुरक्षा घटक मुख्य फलकावरील स्मृतिपेटिकेशी देवघेव करीत असताना हा खंड पडे, असे कंपनीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले व मूलभूत आज्ञावलीत सुधारणा दिली. यावरून उत्पादकाने प्रसिद्ध केलेली नवी मूलभूत आज्ञावली पाहणे हे सुटे भाग बदलण्याच्या आधीचे काम ठरते.

चित्रदर्शक चालक : विंडोज व्हिस्टापासून (२००७) चित्रमंडलाने २ सेकंदांत उत्तर न दिल्यास प्रणाली ते पुनःस्थापित करते. पडदा क्षणभर काळा होऊन चित्र परत येणे, हे त्याचे चिन्ह होय. असे वारंवार घडल्यास चालक आज्ञावलीची जुनी आवृत्ती बसवून पाहावी.

निदानाची रीत : यंत्रसामग्री व आज्ञावली यांतील निवाडा करण्यासाठी यूएसबी पट्टीवरून दुसरी परिचालन प्रणाली सुरू करून तीवर नेहमीचे काम करतात. तेथेही गोठणे घडल्यास मूळ प्रणाली पुसून नव्याने बसवण्यात अर्थ नसतो. एका वेळी एकच बदल करावा आणि दिनांक, वेळ, चालू असलेले काम व यंत्र घटमालेवर होते की विजेवर, हे टिपून ठेवावे. बदलानंतर किती काळ थांबावे, याचे गणित बहुधा दुर्लक्षिले जाते. गोठणे यादृच्छिकपणे सरासरी तीन दिवसांतून एकदा घडत असेल, तर काहीही न करता ते तीन दिवस न घडण्याची संभाव्यता सु. ३७ टक्के असते. म्हणजे तीन शांत दिवसांवरून उपाय लागू पडला असे मानणारा तीनांत एकदा तरी फसतो. ही संभाव्यता ५ टक्क्यांवर आणण्यासाठी सरासरी अंतराच्या तिप्पट, म्हणजे नऊ दिवस थांबावे लागते. दुरुस्तीच्या दुकानात यंत्र एक दिवस चालवून ‘ठीक आहे’ म्हणून परत दिले जाते आणि दोष घरी पुन्हा प्रकटतो, त्याचे कारण बरेचदा कामचुकारपणा नसून हेच असते.

सक्तीने बंद करणे : विद्युत् कळ सु. ४ सेकंद दाबून धरल्यास यंत्र बंद होते (काही लॅपटॉपांत अधिक वेळ लागतो). एन्‌टीएफएस, एक्स्ट४ यांसारख्या नोंदवहीयुक्त संचय पद्धतींत अशा बंद करण्याने फायलींची रचना सहसा बिघडत नाही. पण ही नोंदवही प्रामुख्याने रचनेचे रक्षण करते, लिहिला जात असलेला मजकूर वाचेलच असे नाही. लिनक्समध्ये गाभा जिवंत असल्यास ‘सिसरिक्यू’ कळीच्या साहाय्याने चकतीवरील लेखन पूर्ण करून मगच यंत्र पुन्हा सुरू करता येते.

फक्त स्पर्शफलक निकामी होऊन दर्शक अडकला आणि त्याच वेळी कळफलकाचा भाग किंचित उचलल्यासारखा वाटला, तर लिथियम-आयन घटमाला फुगली असावी. हा प्रकार गोठण्यात मोडत नाही, पण त्याच्याशी त्याची गल्लत होते. अशी घटमाला भारित करू नये, दाबू किंवा टोचू नये. यंत्र बंद करून ती जाणकाराकडून काढून घ्यावी, कारण तिला आग लागण्याचा धोका असतो.